उमेदवाराचे मन आणि गावची शाळा
(द्वितीय वर्ष, कला)

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. तीत मी आयुष्यातले पहिले मतदान केले. आमच्या घरात मतदार यादीत नाव असलेली मी पाचवी, आणि महाविद्यालयाची पायरी चढलेली पहिली. मतदानाच्या आधी दहा-बारा दिवस एका उमेदवाराची सभा आमच्या गावी मारुतीच्या देवळासमोर झाली. रस्ता, पाणी, पीकविमा हे विषय झाले. मग बायकांमधून कोणीतरी विचारले, "साहेब, आमची शाळा ऱ्हाईल का?" आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट त्या वर्षी तेरा होता. कमी पटाच्या शाळा बंद होणार, अशी कुणकुण गावात बरेच दिवस होतीच. उमेदवारांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला आणि सांगितले, की आपण जिवंत आहोत तोवर या शाळेला कुलूप लागणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. माझा धाकटा भाऊ त्या वेळी त्याच शाळेत चौथीत होता.

सभेहून परतताना वाटेत आमचे जुने गुरुजी भेटले. त्यांनी मला पहिली-दुसरीला शिकवले होते. आता ते निवृत्त आहेत. मी मोठ्या उत्साहाने त्यांना ती घोषणा सांगितली. ते म्हणाले, "शाळा उघडी ठेवायचं वचन मिळालं. शाळा चालवायचं वचन कोणी मागितलंच नाही, बाळ." मला त्या वेळी हे बोलणे थोडे तिरकस वाटले. पण भाऊ रोज सांगतो ते आठवले. पहिली ते चौथीची तेरा मुले एका खोलीत बसतात. शिक्षक दोन, त्यांतले एक नेहमी कुठल्यातरी सरकारी कामावर. उरलेले एक शिक्षक फळ्याचे चार भाग करतात आणि चार इयत्तांना चार कामे देतात. गणिताचा भाग पुसल्याखेरीज मराठीला जागा होत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मला असा सुचला. शिक्षणाच्या धोरणाविषयी निवडणुकीतील उमेदवाराने ठाम शब्द द्यावा, की आपले मन मोकळे ठेवावे? आणि मन मोकळे ठेवायचे तर ते किती आणि कोणत्या बाबतीत? वरवर पाहता हा प्रश्न सोपा वाटतो. शब्द देणारा उमेदवार चांगला, 'बघू' म्हणणारा वाईट, असे आपण सर्वजण धरून चालतो. मीही तसेच धरून चालले होते.

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी एडमंड बर्क या ब्रिटिश विचारवंताची गोष्ट सांगितली होती. ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टल शहरातून निवडून आल्यावर त्याने मतदारांसमोर भाषण केले. त्याच्याबरोबर निवडून आलेला दुसरा प्रतिनिधी, मतदारांच्या सूचनेप्रमाणे वागेन, असे म्हणत होता. बर्कने उलट सांगितले. प्रतिनिधी मतदारांना आपले कष्ट देणे लागतो, तसेच आपला विवेकही देणे लागतो. मतदारांच्या मतापायी तो विवेक गहाण टाकला तर ती त्यांची सेवा नसून फसवणूक होय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. पाठ्यपुस्तकात हे वाचताना फार उदात्त वाटते. पण पुढची हकिकतही सांगितली पाहिजे. आयर्लंडच्या व्यापाराला सवलती देण्याच्या प्रश्नावर बर्क ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांच्या विरुद्ध गेला, आणि १७८० मध्ये पराभव समोर दिसू लागल्यावर त्याला तेथून माघार घ्यावी लागली. शिवाय त्या सहा वर्षांत तो आपल्या मतदारसंघात फारसा फिरकलाही नव्हता. म्हणजे विवेक वापरला हे खरे, पण तो कसा वापरला हे मतदारांना समोर बसून सांगितले नाही. हा मुद्दा मला पुढे उपयोगी पडणार आहे.

आता त्याच देशातील अलीकडचे उदाहरण घेऊ. ते थेट आपल्यासारख्या विद्यार्थ्यांशी संबंधित आहे. इंग्लंडमध्ये विद्यापीठाच्या शिक्षणाला पूर्वी विद्यार्थ्यांना शुल्क भरावे लागत नसे. १९९८ मध्ये वर्षाला एक हजार पौंड शुल्क सुरू झाले. २००४ च्या कायद्याने ते २००६ पासून तीन हजारांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. आणि गंमत अशी की हा कायदा करणाऱ्या मजूर पक्षाने २००१ च्या जाहीरनाम्यात असे वाढीव शुल्क आणणार नाही असे म्हटले होते. पुढे नोव्हेंबर २००९ मध्ये या प्रश्नाचा विचार करण्यासाठी लॉर्ड ब्राऊन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल मे २०१० च्या निवडणुकीनंतर येणार होता. दोन मोठ्या पक्षांनी सांगितले, अहवाल येऊ द्या. हे सोयीचे होते यात शंका नाही. तिसरा पक्ष, लिबरल डेमोक्रॅट, मात्र थांबला नाही. विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने एक प्रतिज्ञापत्र तयार केले होते: पुढच्या संसदेत शुल्कवाढीच्या विरुद्ध मत देईन. पक्षाचे नेते निक क्लेग आणि त्यांचे उमेदवार यांनी त्यावर सह्या केल्या आणि तो कागद हातात धरून छायाचित्रे काढून घेतली. विद्यापीठांच्या गावांतून त्यांना मते मिळाली.

निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. लिबरल डेमोक्रॅट हुजूर पक्षाबरोबर सत्तेत गेले. ऑक्टोबरात ब्राऊन समितीचा अहवाल आला, आणि ९ डिसेंबर २०१० रोजी शुल्काची मर्यादा नऊ हजार पौंडांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव संसदेत मांडला गेला. लिबरल डेमोक्रॅटांच्या ५७ खासदारांपैकी २८ जणांनी वाढीच्या बाजूने मत दिले, २१ जणांनी विरुद्ध दिले, उरलेल्या आठांनी मतच दिले नाही. लंडनच्या रस्त्यांवर विद्यार्थी आणि पोलीस यांच्यात चकमकी झाल्या. २०१५ च्या निवडणुकीत त्या पक्षाचे ५७ चे ८ झाले. आघाडीत जाण्याची इतरही किंमत त्यात होती, हे मान्य. परंतु त्या प्रतिज्ञापत्राची आठवण मतदार विसरले नव्हते.

क्लेग यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर माफी मागितली. ती नीट वाचण्यासारखी आहे. शब्द मोडला म्हणून त्यांनी माफी मागितली नाही. जो शब्द पाळता येईल याची खात्री नव्हती तो दिला, म्हणून मागितली. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला ती पळवाट वाटली. नंतर विचार केल्यावर वाटले, की नेमके दुखणे येथेच आहे. निवडणुकीच्या आधीच पक्षाच्या नेतृत्वाला या धोरणाच्या खर्चाविषयी शंका होत्या आणि पक्षात त्यावर वादही झाले होते. म्हणजे मन आतून मोकळे होते आणि बाहेर मात्र सही करून बंद केले होते. मत बदलणे हा दोष मानला तर जगात कोणी शिकूच नये. दोष असा, की ज्या प्रश्नावर समिती बसलेली आहे, अहवाल यायचा आहे, हिशेब व्हायचा आहे, त्यावर त्यांनी मार्गाचा शब्द दिला. 'गरिबाच्या मुलाला शुल्कापायी विद्यापीठ सोडावे लागणार नाही,' असे ते म्हणू शकले असते. त्यावर त्यांना पुढे धरताही आले असते. नव्या व्यवस्थेत शुल्काचे कर्ज पदवीनंतर विशिष्ट उत्पन्नाच्या वर गेल्यावरच फेडायचे होते, आणि गरीब वस्त्यांतील अठरा वर्षांच्या मुलामुलींचे विद्यापीठात जाण्याचे प्रमाण पुढेही वाढत राहिले; नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारे प्रौढ मात्र फार घटले. म्हणजे निकाल संमिश्र. पण सहीच्या कागदावर संमिश्र निकालाला जागा नसते.

कोणी म्हणेल, हे श्रीमंत देशाचे कौतुक आम्हांला कशाला? म्हणून आपल्याकडचे उदाहरण घेते. उत्तर प्रदेशात १९९२ साली कल्याण सिंह यांच्या सरकारने परीक्षेतील कॉपीविरुद्ध वटहुकूम काढला. राजनाथ सिंह तेव्हा शिक्षणमंत्री होते. कॉपी हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. परीक्षा देणारी पोरे पोलिसांच्या गाडीत बसली. त्या वर्षी तेथील दहावीचा निकाल सुमारे पंधरा टक्के लागला. आदल्या वर्षी तो पन्नासच्या वर होता. डिसेंबर १९९२ मध्ये ते सरकार गेले. १९९३ च्या निवडणुकीत मुलायम सिंह यादव यांनी हा कायदा रद्द करण्याचे आश्वासन दिले आणि मुख्यमंत्री होताच ते पाळले. निकाल पुन्हा वर गेले.

येथे शब्द पाळला गेला. क्लेग यांच्यासारखी फसवणूक झाली नाही. मग समाधान का वाटत नाही? कारण त्या पंधरा टक्क्यांकडे कोणी पाहिलेच नाही. शंभरांतली पंच्याऐंशी मुले कॉपीशिवाय उत्तीर्ण होऊ शकत नाहीत, याचा अर्थ काय? वर्गात शिकवले जात होते का? शिक्षक होते का? एका बाजूचा प्रचार 'शिस्त' म्हणत होता, दुसऱ्या बाजूचा 'पोरांना तुरुंगातून सोडवा' म्हणत होता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते आणि दोन्ही उमेदवारांची मने बंद होती. मूल आणि टोळी यांत फरक करावा, ही साधी गोष्ट सुचायला वेळ लागला. १९९८ मध्ये त्याच राज्यात पुन्हा कायदा आला, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी तो गुन्हा जामीनपात्र झाला. केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याचा रोख तर परीक्षार्थीवर नसून पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे. अर्थात तो स्पर्धा आणि प्रवेश परीक्षांपुरता आहे.

तिसरे उदाहरण पश्चिम बंगालचे. त्यात माझा जीव अधिक गुंतला आहे, कारण ते इंग्रजीचे आहे. १९७७ साली डावी आघाडी तेथे सत्तेवर आली. प्राथमिक शाळेत मुलाने मातृभाषेतच शिकावे, खेड्यातील गरीब मूल इंग्रजीच्या ओझ्याने शाळा सोडते, तेव्हा ते ओझे काढावे, असा विचार करून ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढण्यात आले. ते सहावीपासून सुरू होई. या विचाराची टिंगल करण्याचे कारण नाही. मातृभाषेत मूल लवकर शिकते, हे आजही सर्वत्र मानले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्यतो पाचवीपर्यंत मातृभाषेचे माध्यम असावे असे म्हटले आहे. परंतु माध्यम मराठी किंवा बंगाली असणे ही एक गोष्ट, आणि इंग्रजी हा एक विषय म्हणूनही न शिकवणे ही दुसरी गोष्ट. बंगालात ज्या शाळांतून इंग्रजी गेले त्यांचे माध्यम आधीपासून बंगालीच होते. गेला तो विषय.

मग काय झाले? ज्यांच्या हाती पैसा होता त्यांनी मुलांना खाजगी इंग्रजी शाळेत घातले किंवा घरी शिकवणी लावली. ज्यांच्या हाती नव्हता त्यांची मुले सहावीत एबीसीडी गिरवू लागली. ज्यांच्यासाठी धोरण केले, तेच मागे राहिले. नामवंत बंगाली साहित्यिक आणि प्राध्यापक यांनी याविरुद्ध आवाज उठवला. सरकारने नेमलेल्या अशोक मित्र आयोगाने १९९२ मध्ये इंग्रजी थोडे अलीकडे आणण्याची शिफारस केली. १९९८ मध्ये पवित्र सरकार यांच्या समितीने ते तिसरीपर्यंत अलीकडे आणण्यास सांगितले. १९९९ पासून तिसरीत आणि २००४ पासून पहिलीत इंग्रजी आले. मुख्यमंत्री ज्योती बसू स्वतः लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले होते, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. ज्या पक्षाने मत बदलले तो ब्रिटनमध्ये धुळीला मिळाला. ज्या आघाडीने मत बदलायला जवळजवळ दोन दशके लावली ती १९८२, १९८७, १९९१, १९९६ अशा सगळ्या निवडणुका जिंकत राहिली. म्हणजे मतपेटी शिक्षणाच्या धोरणाचा निकाल लावत नाही. मतदार जमिनीसाठी, मजुरीसाठी, पंचायतीसाठी मत देतो. इंग्रजीचा तास त्यात कोठे दिसणार? आणि धोरण चुकले हे कळते तेव्हा पहिलीतले मूल वीस वर्षांचे होऊन नोकरीच्या रांगेत उभे असते. रस्ता खराब झाला तर पाच वर्षांत दिसतो. वर्ग खराब झाला तर दिसत नाही. यास्तव शिक्षणाच्या बाबतीत तरी उमेदवाराने निवडणूक जिंकणे म्हणजे आपले धोरण बरोबर ठरणे, असे समजू नये.

महाराष्ट्राने वेगळा मार्ग घेतला. २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. मी त्याच व्यवस्थेतली विद्यार्थिनी. मला पहिलीपासून इंग्रजी होते. बंगालच्या मुलांचे जे गेले ते मला मिळाले. तरीही प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला बाईंनी इंग्रजीत पंधरा मिनिटे सांगितले, त्यातील मला माझे नाव विचारले तेवढेच समजले. हे लिहिण्यात आता लाज वाटत नाही. वर्गातील निम्म्या मैत्रिणींचे तेच झाले होते. आम्हांला इंग्रजी शिकवणारे शिक्षक तेच, जे चारही इयत्तांना फळ्याचे चार भाग करून शिकवत. म्हणजे धोरण बदलले म्हणून मन पुन्हा बंद करून चालत नाही. 'पहिलीपासून इंग्रजी दिले' हे वाक्य सभेत छान वाजते, पण ते शिकवणार कोण, हा प्रश्न तसाच उरतो.

या लेखाचा कच्चा खर्डा मी आमच्या वर्गातील एका मित्राला वाचायला दिला. त्याने समासात लिहिले: "आपल्याकडे दिलेला शब्द पाळत नाहीत. तिथे तू त्यांना मन मोकळे ठेवायला सांगतेस? मग तर ते काहीच करणार नाहीत. समिती नेमतील आणि चहा पितील." हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे संपूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. समिती ही बऱ्याचदा प्रश्न ठेवण्याची अडगळीची खोली असते. मोकळे मन आणि रिकामे मन यांतला फरक सभेत ओळखू येत नाही. पण मला असे वाटते, की ओळखण्याची एक खूण असावी. ज्याचे मन खरोखर मोकळे आहे तो तीन गोष्टी सांगू शकतो: मला काय साधायचे आहे, त्यासाठी मी कोणती माहिती पाहणार आहे, आणि पाहून झाल्यावर निर्णय सांगायला केव्हा परत येणार आहे. ज्याचे मन रिकामे आहे तो पहिली गोष्ट मोठ्याने सांगतो आणि उरलेल्या दोन सांगतच नाही. बर्क तिसरीत कमी पडला, क्लेग दुसरीत, आणि बंगालचे मंत्री दुसरीत फार उशिरा आले.

आणि कोणताही शब्द सगळे प्रश्न आधी ओळखू शकत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. २०२४ च्या प्रचारात पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेविषयी मी एकही भाषण ऐकले नाही. पाच महिन्यांनी, १६ एप्रिल २०२५ रोजी, मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला. विरोध झाल्यावर १७ जूनला तो सुधारण्यात आला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या वादात कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या प्रश्नावर राज्य ढवळून निघाले, त्यावर आमच्या आमदारांचे मत काय, हे मत देताना आम्हांला ठाऊकच नव्हते. ठाऊक असणे शक्यही नव्हते. अशा वेळी उमेदवाराने कोणता शब्द दिला होता यापेक्षा तो विचार कसा करतो, कोणाला विचारतो, हेच मतदाराच्या उपयोगी पडते.

आता पुन्हा आमच्या शाळेकडे येते. कमी पटाच्या शाळांचा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला दिला गेला. दोन्ही वेळा मोठा विरोध झाला. शिक्षणहक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. कायदा केंद्राचा, नियम राज्याचा, शाळा जिल्हा परिषदेची. तेव्हा एका आमदाराने 'कुलूप लागणार नाही' असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातली किल्ली दाखवण्यासारखे आहे.

तरी प्रश्न उरतोच. शाळा एकत्र कराव्यात की नाही? मी यावर अनेकांना विचारले. गुरुजींचे म्हणणे, चाळीस-पन्नास मुले आणि प्रत्येक इयत्तेला एक शिक्षक असेल तर मुले निश्चित चांगली शिकतील. मुलाला आपल्या वयाचे सोबतीही लागतात. भाऊ चौथीत होता तेव्हा त्याच्या इयत्तेत तो आणि आणखी एक मुलगी, अशी दोघेच होती. स्पर्धा कोणाशी करणार, आणि भांडणार तरी कोणाशी? हे मला पटते. आईचे म्हणणे वेगळे आहे. आई सातवीपर्यंत शिकली आहे. ती म्हणाली, "तुझी मैत्रीण सातवीनंतर घरी का बसली ते आठव." ती मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार होती. आमचे हायस्कूल शेजारच्या गावी, चार किलोमीटरवर. मध्ये ओढा. सातवीच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, दोन आठवडे आम्ही लांबच्या रस्त्याने गेलो, एकदा घरी यायला रात्र झाली. तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवसापासून तिला पाठवले नाही. पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलीला चार किलोमीटरवर पाठवा, असे त्यांना कोण सांगणार? गाडीची सोय करू, असे समूह शाळेच्या कागदात असते. गाडी पहिल्या वर्षी येते. तिसऱ्या वर्षी येईल का, हे आईला विचारा. हेही मला पटते.

दोन्ही पटतात, म्हणून मला आज ठाम मत देता येत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला, तेही त्याच गावात राहून, देता येत नाही. मग तालुक्यातून सभेपुरता आलेला उमेदवार एका वाक्यात ते कसे देतो? त्याने असे म्हटले असते तर: "तुमच्या पोरांना लिहिता-वाचता आलं पाहिजे आणि एकही मुलगी वाटेच्या भीतीनं घरी बसता कामा नये, एवढं मी मान्य करतो. त्यासाठी इथंच दुसरा शिक्षक कायम ठेवायचा की शेजारी मोठी शाळा करून आधी ओढ्यावर पूल बांधायचा, हे मी आज सांगत नाही. जानेवारीत हजेरीपट बघायला येईन, मग सांगेन." मला प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, की या बोलण्यावर त्या रात्री टाळ्या पडल्या नसत्या. मीही वाजवल्या नसत्या. मागून कोणीतरी 'हे काय करणार!' असे म्हणून तंबाखू मळायला घेतली असती. उमेदवार मन बंद करतात त्याला आपण श्रोतेही कारण आहोत, हे आपल्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धांनाही लागू पडते. तेथे 'माझे मत बदलले' असे म्हणणाऱ्याला गुण मिळाल्याचे मी पाहिलेले नाही.

ते उमेदवार निवडून आले. शाळेला कुलूप लागलेले नाही. जून २०२५ मध्ये पट अकरावर आला. भाऊ आता पाचवीला शेजारच्या गावी जातो. यंदाच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी होते म्हणून तो नऊ दिवस शाळेत गेला नाही. हे नऊ दिवस मी घरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने गोल करून ठेवले आहेत. गुरुजींनी मला आणखी एक काम सांगितले आहे. शाळेतील मागच्या दहा वर्षांचा पट, प्रत्येक वर्षी किती शिक्षक हजर होते, आणि पाचवीला गेलेल्या मुलींपैकी दहावीपर्यंत किती पोहोचल्या, हे एका वहीत उतरवून काढायचे. सहा वर्षांचे झाले आहे. उरलेल्या चार वर्षांची रजिस्टरे कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली जे शिक्षक सरकारी कामावर जातात त्यांच्याजवळ असते. ते सोमवारी येणार आहेत.